बिनमिठाची मिसळ

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धम्मपाल शिंगे खुर्चीवरून उठायला गेला आणि त्याला उठता आलं नाही.

त्याने दोन्ही तळवे टेबलावर टेकले, जोर लावला आणि परत बसला. समोरच्या पितळी परातीत दोन बटाटेवडे, थालीपिठाचा तुकडा आणि ब्रेडच्या तीन-चार स्लाइस उरल्या होत्या. शेजारी उभा असलेला हॉटेलमालक कृष्णात खाडे हसला.

"परात रिकामी झाल्याबिगर उठायचं न्हाई. नियम इसरलास व्हय?"

टेबलावरची सगळी हसली. धम्मपालही हसला. मग त्याने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी तो खुर्चीच्या कडेवरून खाली घसरला आणि त्याचं डोकं टेबलाच्या पायाला लागलं. त्याची बायको संघप्रिया हिने भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. अकरा चोवीस. पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नांमधली चार मिनिटं हसण्यात गेली होती.

धम्मपाल शेहेचाळीस वर्षांचा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो एकोणीस वर्षं मोल्डर होता. वाळूचे साचे भरायचे आणि भट्टीतलं लोखंड त्यात ओतायचं, हे काम. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी तो शहरातल्या एका खासगी रुग्णालयात चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडलेला असायचा. येत्या शुक्रवारी त्याला किडनी बसवणार होते. किडनी संघप्रियाची. रक्त जुळलं होतं, समितीची परवानगी आली होती, बुधवारी दोघांनी दाखल व्हायचं होतं. ऑपरेशननंतर निदान सहा महिने बाहेरचं काहीही खायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रविवारचा बेत निघाला तो त्यावरून.

बेत कृष्णातचा. तो आणि धम्मपाल एकाच पाळीत होते. कोल्हापूरच्या कारखान्यांना सोमवारी सुट्टी असते. रविवारची रात्रपाळी सुटली की त्या पाळीतले सहा मोल्डर सोमवारी सकाळी काळ्या हातांनी मिसळीला जायचे. वेगवेगळ्या ताटल्या घ्यायच्या नाहीत, सगळ्यांनी एकाच परातीत खायचं आणि ती रिकामी झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पाच वर्षांपूर्वी कृष्णातने नोकरी सोडून रुईकर कॉलनीच्या मागे 'कृष्णात न्याहारी सेंटर' काढलं आणि त्या परातीलाच मेनूकार्डावर जागा दिली. नाव दिलं 'रात्रपाळी ताट'. हातभर व्यासाची परात. मधे मिसळ, भोवती सहा वडे, कांदाभजी, दोन थालीपिठं, लोण्याचा गोळा, दही, शिरा, ब्रेडची चळत. कट किटलीतून, लागेल तितका. चार-पाच जणांना पुरेल एवढं असायचं आणि रविवारी त्यासाठी बाहेर बाकावर थांबावं लागायचं.

जुन्या रिवाजाप्रमाणे हे सोमवारी व्हायला हवं होतं. पण सोमवारी सकाळी सहाला धम्मपालचं डायलिसिस. म्हणून रविवार ठरला. गुरुवारनंतरचा तिसरा दिवस. त्याच्या रक्तात आठवड्यातली सगळ्यात जास्त घाण साचलेली असायची तो दिवस. हे संघप्रियाला माहीत होतं. तिने त्याचाही विचार केला होता.

विचार केल्याशिवाय ती काहीच करत नसे. फ्रिजच्या दारावर आहाराचा कागद लावलेला होता, प्लॅस्टिकमध्ये घालून. रोजची भाजी ती बारीक चिरून दोन तास पाण्यात ठेवायची, ते पाणी ओतायची, भाजी उकडायची आणि उकडलेलं पाणीही ओतायची. त्या पाण्यातून पोटॅशियम जातं. ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं, हे डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. घरात हा शब्द सगळ्यांना येत होता. धम्मपालची आई पारूबाई, वय अडुसष्ट, शाळेत न गेलेली, तिलाही येत होता. ती 'पोटॅशम' म्हणायची आणि केळीवाल्याला दारातून परत पाठवायची.

घराबाहेर मात्र हा शब्द कुणाला सांगून उपयोग नसायचा. पहिलं वर्षभर संघप्रियाने लग्नात, बारशाला, नातेवाइकांकडे सगळी यादी सांगून पाहिली. टोमॅटो नको, बटाटा नको, नारळ नको, डाळीचं पाणी नको. लोक म्हणायचे, मग खायचं तरी काय त्या माणसानं, आणि आमटीची वाटी पुढे करायचे. पुढे तिने यादी सांगणं सोडून दिलं. किडनी म्हणजे मीठ बंद, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ती तेवढंच सांगायची. मिठाशिवाय केलेलं पान वेगळं यायचं आणि त्यातलं काय खायचं, काय बाजूला काढायचं, ते ती स्वतः बघायची.

शनिवारी दुपारी तिने कृष्णातला फोन केला तेव्हाही तेच सांगितलं.

"भावजी, येतोय आम्ही. खरं त्यांना मीठ अजिबात न्हाई चालत बघा. कणभर न्हाई."

"वैनी, त्याची काळजी माझ्यावर सोडा. त्याचं येगळं करतो. मी सोता करतो, आचाऱ्याला हात लावू देत न्हाई."

"आणि जास्ती न्हाई. दोन घास."

"व्हय, दोनच घास," कृष्णात म्हणाला.

रविवारी दहा वाजता चौघं पोचली. धम्मपाल, संघप्रिया, पारूबाई आणि मुलगी शिवानी. शिवानी एकोणीस वर्षांची, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. धम्मपालने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, डाव्या हाताची बाही डायलिसिसच्या नसेवर यावी इतकी लांब. बाहेर पंधरा-वीस माणसं थांबलेली होती. कृष्णात गल्ल्यावरून उठून बाहेर आला आणि त्यांना रांगेतून आत घेऊन गेला.

"आमी काय कर्नाटकातनं आलाव व्हय?" बाकावरचा एक जण म्हणाला.

"पावणं, ह्यो माझ्या पाळीतला माणूस हाय," कृष्णात म्हणाला. "शुक्रवारी त्याचं ऑपरेशन हाय. तुमचं असलं तर तुमाला बी आत घेतो."

खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं होतं. परात आली. शेजारच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुलींनी तिचा फोटो काढला. परातीबरोबर एक वेगळा तांब्याचा टोप आला, झाकण घातलेला. तो कृष्णातने स्वतः आणून धम्मपालसमोर ठेवला.

"ही तुझी. बिनमिठाची. सकाळी सातपासनं बसलोय हिच्यावर."

संघप्रियाने झाकण काढून पाहिलं. मटकी मऊ उकडलेली, वर थोडा कांदा, फरसाण नाही, बटाटा नाही. कट होता, पण पातळ. तिने चमच्याने बराचसा कट वेगळ्या वाटीत काढला आणि वाटी पारूबाईकडे सरकवली.

"एवढं बास," ती धम्मपालला म्हणाली. "आणि एक स्लाइस."

"एक स्लाइस तर आजारी माणसाला देत्यात," धम्मपाल म्हणाला.

"मग तुम्ही कोण हाय?"

"मी शुक्रवारपर्यंत आजारी. शनिवारपास्नं तू आजारी."

शिवानी हसली. संघप्रियाने दोन स्लाइस ठेवल्या.

त्याने पहिला घास घेतला आणि थांबला. दोन वर्षांत त्याच्या जेवणाला चव म्हणून नव्हती. लिंबाचे थेंब, थोडी मिरपूड, लसूण, एवढ्यावर दिवस काढले होते. त्याने मान वर करून कृष्णातकडे पाहिलं. कृष्णात गल्ल्याशी परत गेला होता, पण त्याचं लक्ष इकडेच होतं. त्याने भुवया उडवल्या. धम्मपालने मान खाली घातली आणि दुसरा घास घेतला.

"कशी हाय?" संघप्रियाने विचारलं.

"बरी हाय," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

पारूबाईने आपल्या वाटीतला कट ब्रेडला लावून खाल्ला. "खारट लागतंय की गं हे."

तिघंही हसली. पारूबाई चाळीस वर्षं मिश्री लावत होती. तिच्या जिभेवर घरात कुणी भरवसा ठेवत नसे; तिला चहा कडू लागायचा आणि कारलं गोड.

"आज्जी, तुला काल भात तिखट लागला होता," शिवानी म्हणाली.

"लागला हुता. भातात काय तरी हुतंच."

"आत्याबाई, तुम्ही परातीतलं खावा. त्याला मीठ हाय," संघप्रिया म्हणाली आणि ती वाटी उचलून बाजूला ठेवली. त्यातलं तिने स्वतः चाखलं नाही. तिला ऑपरेशनपूर्वी तिखट कमी खायला सांगितलं होतं, म्हणून ती थालीपीठ आणि लोणी खात होती.

पुढचा तासभर चांगला गेला. शिवानीने तीन वडे खाल्ले. कृष्णात दोनदा येऊन बसला आणि फाउंड्रीतल्या गोष्टी निघाल्या. एकदा धम्मपालने साचा उलटा बसवला होता आणि पंपाचं झाकण आतून बाहेर ओतलं गेलं होतं. ते झाकण फोरमनने वर्षभर टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलं होतं, यावर पारूबाईदेखील हसली. त्या काळातलं कोण आता कागलला आहे, कोण वारला, हे झालं. बोलता बोलता धम्मपालने टोपातून दुसऱ्यांदा घेतलं, मग तिसऱ्यांदा. संघप्रियाने दुसऱ्या वेळी त्याच्याकडे पाहिलं.

"बिनमिठाची तर हाय," तो म्हणाला.

"वैनी, खाऊ द्या की," कृष्णात म्हणाला. "परत सा म्हैने हितं पाय ठेवणार हाय का त्यो?"

तिसऱ्या वेळी तिने त्याला घेऊ दिलं. तिने मनात हिशेब केला होता. मीठ नाही, म्हणजे तहान नाही, म्हणजे पाणी वाढणार नाही. मटकी उकडलेली आहे, उद्या सकाळी सहाला मशीन आहे. मध्ये वीसएक तास. मटकी उकडल्यावर घरी जे पाणी ती दोन वर्षं मोरीत ओतत आली, त्यातच ही मिसळ कालवली होती, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणूनच तिने कट काढून ठेवला. पण टोपात तळाला कट उरला होता आणि तो ब्रेडने पुसून घेतला गेला.

अकराला धम्मपाल म्हणाला की ओठांना मुंग्या येतायत. तिखटामुळे असेल, असं सगळ्यांना वाटलं. अकरा दहाला त्याने चमचा खाली ठेवला आणि हात चोळला. अकरा वीसला तो हात धुवायला उठायला गेला.

कृष्णातच्या गाडीतून त्याला नेलं. गाडी कृष्णात चालवत होता, पुढे पारूबाई, मागे धम्मपाल मधे आणि दोन बाजूंना मायलेकी. ताराराणी चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा संघप्रिया रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाला फोन लावत होती. रविवार असल्याने तो विभाग बंद होता, फोन वाजत राहिला. त्या वेळी धम्मपालने शिवानीकडे मान वळवली. त्याची जीभ जड झाली होती.

"त्यात मीठ हुतं," तो हळू म्हणाला. "मला पयल्या घासालाच कळलं. कृष्णाला कुनी काय बोलू नका."

शिवानीने समोर पाहिलं. कृष्णात हॉर्न वाजवत होता. त्याने ऐकलं नव्हतं.

अकरा सत्तेचाळीसला ते अपघात विभागात पोचले. ड्युटीवरची डॉक्टर तिशीची होती. तिने फाइल मागितली, हाताची नस पाहिली, ईसीजी काढायला लावला. कागद बाहेर येत असतानाच तिने नर्सला इंजेक्शन भरायला सांगितलं.

"शेवटचं डायलिसिस कधी?"

"गुरुवारी," संघप्रिया म्हणाली.

"सकाळपासून काय खाल्लं?"

गेल्या महिन्यात याच रुग्णालयात एका पेशंटची किडनी बसवायची तारीख तीन महिने पुढे ढकलली होती. दोन डायलिसिसच्या मधे त्याचं वजन चार किलो वाढलं, म्हणजे तो पथ्य पाळत नाही, म्हणजे नवीन किडनीही सांभाळणार नाही, असं प्रत्यारोपणाचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. त्या पेशंटची बायको लिफ्टशेजारी बसून रडत होती, आणि संघप्रियाने तिला पाणी दिलं होतं. आहार पाळण्याच्या कागदावर धम्मपालबरोबर संघप्रियाचीही सही होती.

"पोहे," ती म्हणाली. "घरी. थोडे."

"नारळपाणी, फळं, काही?"

"न्हाई."

"मिठाऐवजी दुसरं काही वापरता का?"

"न्हाई. आमच्यात मीठच न्हाई वापरत त्यांच्या जेवणात."

डॉक्टरने ते लिहून घेतलं. रक्ताचा नमुना गेला. कॅल्शियम दिलं, मग ग्लुकोज आणि इन्सुलिन. डॉक्टर म्हणाली, रिपोर्ट आला की डायलिसिसचा निर्णय घेऊ; घरचंच साधं खाणं असेल तर औषधांनी आधी खाली येईल. पडद्याशी उभी असलेली शिवानी हे ऐकत होती. तिच्या शर्टाच्या बाहीला परातीतलं लोणी लागलेलं होतं. आईने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

बाराला शिवानी पुढे झाली.

"मॅडम, पोहे न्हाई. मिसळ खाल्लीया. तीन वाट्या. आणि त्यात मीठ होतं."

"न्हवतं," संघप्रिया म्हणाली. "मी सांगितलंतं. येगळी केलती."

"पप्पांनी सांगितलं मला गाडीत."

संघप्रिया मुलीकडे बघत राहिली. "तुला सांगितलं?"

डॉक्टरने दोघींना थांबवलं. "कोणतं मीठ?"

कृष्णात बाहेर पारूबाईशेजारी बसला होता. त्याला आत बोलावलं. पंचावन्न वर्षांचा, भट्टीने भाजलेल्या हातांचा माणूस, चपला दाराबाहेर काढून आत आला.

"मीठ न्हाई घातलं," तो म्हणाला. "मीठ कसं घालीन? वैनींनी सांगितलंतं."

"मग खारट कशी लागली?"

"त्यो माझा डबा हाय मॅडम. मला बीपी हाय. माझ्या डॉक्टरनं सांगितलंय, सादं मीठ बंद, हे वापरा. कमी सोडियमचं. पुडीवर हृदयाचं चित्र हाय. मीठ जमत न्हाई त्याच्यासाठीच आसतंय ते." तो जरा थांबला. "अळणी मिसळ काय द्यायची त्याला, म्हटलं. शेवटचं खाणार हुता."

"किती घातलं?"

"दोन चमचे. लागत न्हाई ते पटकन. मग आणि एक."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. कमी सोडियमच्या मिठात सोडियमची जागा पोटॅशियम घेतं, एवढंच ती म्हणाली, आणि तेही कृष्णातला नाही, शेजारच्या नर्सला. मग तिने फोन उचलला आणि डायलिसिसच्या तंत्रज्ञाला बोलावलं. तो रविवारी घरी असायचा. त्याचं घर वारणानगरला. तो म्हणाला, निघतोच आहे, पाऊण तास लागेल.

बारा आठला रिपोर्ट आला. पोटॅशियम ८.३. असायला हवं साडेतीन ते पाच.

संघप्रियाने पोहे म्हटल्यापासून शिवानी बोलेपर्यंत अकरा-बारा मिनिटं गेली. त्या मिनिटांनी काही फरक पडला की नाही, हे कुणी सांगितलेलं नाही. डॉक्टरने फाइलमध्ये दोन्ही गोष्टी लिहिल्या आहेत, वेळेसह.

बारा एकतीसला धम्मपालचं हृदय थांबलं. ते परत सुरू व्हायला सहा मिनिटं लागली. बारा त्रेपन्नला तंत्रज्ञ आला. मोटरसायकलचं हेल्मेट काखेत घेऊनच तो आत गेला. दुपारी सव्वा वाजता मशीन सुरू झालं.

बाहेर बाकावर चौघं होती. पारूबाईच्या हातात धम्मपालच्या चपला होत्या, त्या कुणी दिल्या ते तिला आठवत नव्हतं. कृष्णात दीडला उठला, हॉटेलवर गेला आणि अर्ध्या तासाने परत आला. शटर ओढून आला होता. बाकावर थांबलेल्या लोकांना त्याने काय सांगितलं ते कळलेलं नाही. त्याने खिशातून मिठाची पुडी काढून संघप्रियापुढे धरली. कोपरा कापलेला, वर रबर लावलेलं.

"वाचा की," तो म्हणाला. "माझं इंग्रजी न्हाई. कुठं लिवलंय का बघा."

शिवानीने पुडी घेतली. समोरच्या बाजूला लाल हृदय होतं. मागच्या बाजूला, दुमडलेल्या कडेत, बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या. तिने त्या एकदा मनात वाचल्या आणि मग मराठीत सांगितल्या. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे वापरू नये.

कृष्णातने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"भावजी, मी फोनवर काय सांगितलंतं तुम्हाला?" संघप्रियाने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"मीठ नको म्हणालता."

"आणखी काय?"

"दोन घास."

"पोटॅशियम म्हणालते?"

"न्हाई, वैनी. त्यो शब्द मी आज ऐकला."

तिने पुडी मुलीच्या हातातून घेतली, रबर नीट लावलं आणि पर्समध्ये ठेवली.

"खारट हाय म्हणलं हुतं मी," पारूबाई म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे. थोड्या वेळाने ती पुन्हा तेच म्हणाली. मग शिवानीने तिचा हात धरला.

सव्वापाचला मशीन काढलं. पोटॅशियम ५.४ वर आलं होतं. हृदयाचे ठोके नियमित होते. श्वास यंत्रावर होता. तो शुद्धीवर कधी येईल, असं संघप्रियाने विचारलं. मेंदूला सहा मिनिटं रक्त कितपत पोचलं त्यावर ते आहे, असं डॉक्टर म्हणाली, आणि वाट बघावी लागेल म्हणाली.

सोमवारी सकाळी आठला समन्वयक बाई कामावर आल्या. त्यांच्या खोलीत भिंतीवर पांढरा फळा आहे, त्यावर महिन्याची ऑपरेशनं लिहिलेली असतात. शुक्रवारच्या रकान्यात निळ्या शाईत लिहिलं होतं: शिंगे धम्मपाल, दाता पत्नी. संघप्रिया नऊला त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिने अंघोळ केली नव्हती. काय झालं ते तिने पहिल्यापासून सांगितलं, पोह्यांसकट. मिठाची पुडी टेबलावर ठेवली.

"पथ्य त्यांनी मोडलं न्हाई," ती म्हणाली. "मी सांगायला कमी पडले. लिवायचं तर माझ्या नावावर लिवा."

"त्यांना कळलं होतं ना मीठ आहे ते?" बाईंनी विचारलं. फाइल त्यांच्यापुढे उघडी होती, शिवानीचं बोलणं त्यात होतं.

संघप्रियाने होय म्हटलं.

बाईंनी तेही लिहून घेतलं. त्या म्हणाल्या, आत्ता तारखेचा प्रश्नच नाही, आधी ते जागे होऊ देत. मेंदूचे डॉक्टर चारला तपासतील. त्यानंतर सर्जनांची बैठक होईल, कधी ते सांगता येत नाही. मग म्हणाल्या, तुमच्या रक्ताचा शेवटचा नमुना आज द्यायचा ठरला होता. तो द्यायचा का, ते तुम्ही ठरवा. उद्या दिला तर शुक्रवारपर्यंत रिपोर्ट येणार नाही.

"घ्या," संघप्रिया म्हणाली.

साडेनऊला तिने रक्त दिलं. रविवारच्या थालीपिठानंतर तिने काही खाल्लेलं नव्हतं, त्यामुळे रक्त घेणाऱ्याने उपाशीपोटी आहात का, असं विचारलं तेव्हा तिने होय म्हटलं.

चारला मेंदूचे डॉक्टर आले. त्यांनी पापण्या उघडून बॅटरी मारली, तळपाय खरवडले, छातीच्या हाडावर बोटांची पेरं दाबली. डाव्या हाताची बोटं हलली. हे आपोआप झालं की त्याने केलं, ते त्यांना सांगता आलं नाही. बुधवारी पुन्हा बघू म्हणाले.

सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत धम्मपालने डोळे उघडलेले नव्हते. 'कृष्णात न्याहारी सेंटर'चं शटर बंद होतं आणि कृष्णात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर होता. कोणी त्याला जा म्हटलेलं नव्हतं, थांबही म्हटलेलं नव्हतं. फळ्यावरची शुक्रवारची ओळ समन्वयक बाईंनी पुसलेली नव्हती. तिच्यापुढे त्यांनी लाल शाईने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.